भाराची चांदी आणि छापाची चांदी

(मंडळाच्या रौप्यमहोत्सवी वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उखाणा घेण्यापलीकडे मी या माइकपुढे कधी उभी राहिले नाही. पण गेल्या बैठकीत एक विषय निघाला. मंडळाला पंचवीस वर्षे झाली, तेव्हा आठवण म्हणून प्रत्येकीने भिशीच्या पैशांतून चांदीचे काहीतरी घ्यावे, असे ठरले. त्यावर लगेच तीन तट पडले. कोणी म्हणाल्या, मखमली डबीतले लक्ष्मीचे नाणे घ्यावे. कोणी म्हणाल्या, जुना राणीछाप रुपया घ्यावा, पुढे त्याला मोठी किंमत येते. तिसऱ्या म्हणाल्या, वाटी घ्या म्हणजे नातवंडाला दूधभात तरी खाता येईल. मी मध्येच बोलून गेले, "बायांनो, घाई करू नका. मी चांदीत दोनदा फसले आहे." तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, "मग तेच वर्धापनदिनाला सांगा." म्हणून आज उभी आहे. शिकलेल्या बायकांपुढे सातवी झालेल्या बाईने हिशेब सांगावा, हे धाडसच. पण हा हिशेब त्रैराशिकापलीकडचा नाही, एवढे मी आधीच सांगते.

पहिली फसगत 2019 सालची. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फीचा पहिला हप्ता आठ दिवसांत भरायचा होता. घरात रोकड नव्हती. कर्ज काढायचे नाही, असा यजमानांचा निश्चय. तेव्हा मी कपाटातले सासूबाईंचे गाठोडे काढले. त्यात चांदीचे बत्तीस रुपये होते. ते त्यांना त्यांच्या सासूबाईंकडून आलेले. सासूबाईंनी ते एका जुन्या पातळाच्या फडक्यात दोन वेगवेगळ्या गाठी मारून ठेवले होते. एका गाठीत पंचवीस आणि दुसरीत सात. जाण्यापूर्वी त्यांनी मला सांगितलेही होते, "ही गाठ जुन्या रुपयांची, ही लढाईतल्या रुपयांची. एकत्र करू नकोस गं." मला वाटले, म्हातारपणाचा हळवेपणा. रुपया तो रुपया, त्यात जुना काय आणि लढाईतला काय!

लक्ष्मीपूजनासाठी मोठ्या गाठीतला एक रुपया मी मागे ठेवला आणि बाकीचे एकतीस घेऊन दुकानात गेले. दुकानाचे नाव सांगत नाही, कारण दोष माझाही आहे. दोन्ही गाठी मीच सोडल्या आणि सगळे रुपये मीच एका ताटलीत ओतले. दुकानदाराने वरचा एक उचलला, कसोटीवर घासला आणि म्हणाला, "बाई, यात निम्मी चांदी आहे." सगळ्यांचे वजन केले, त्याचे निम्मे धरले, वर थोडी घट धरली आणि पैसे हातावर ठेवले. फी भरली गेली. मी देवापुढे साखर ठेवली.

दिवाळीत आमच्या वाड्यातले एक निवृत्त गुरुजी फराळाला आले. त्यांना जुनी नाणी जमवण्याचा नाद आहे. पूजेच्या तबकातला रुपया त्यांनी उचलला, चष्मा वर करून पाहिला आणि विचारले, "वहिनी, हा 1907 चा आहे. याच्या सोबतीचे कुठे आहेत?" मी सांगितले. ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग त्यांनी कागद-पेन्सिल मागितली आणि मला जे समजावले, तेच मी तुम्हांला सांगणार आहे.

पेशवाईत आणि त्यानंतरही ठिकठिकाणच्या टांकसाळींचे निरनिराळे रुपये चालत. त्यांत चांदी कमीजास्त असे, म्हणून सराफ पारखून बट्टा कापून घेई. नावाला बट्टा लागला असे आपण म्हणतो, तो हाच बट्टा. पुढे 1835 साली कंपनी सरकारने आपल्या मुलुखासाठी एकाच मापाचा रुपया सुरू केला. त्याचे वजन एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी आणि एक भाग हिणकस. राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, असे मुखवटे बदलले, पण हे माप 1939 पर्यंत तेच राहिले. ऐंशी रुपये भार म्हणजे एक शेर, असे आपल्या आज्या म्हणत, ते याचमुळे. रुपया हे नाणेही होते आणि वजनही होते.

मग दुसरे महायुद्ध आले. चांदीची टंचाई झाली आणि 1940 पासून सरकारने रुपयात निम्मीच चांदी घालायला सुरुवात केली. वजन तेच, आकार जवळजवळ तोच, राजाही तोच सहावा जॉर्ज, पण चांदी निम्मी. हे रुपये 1945 पर्यंत निघाले. 1947 साल घातलेला जो रुपया आहे, ज्याच्या पाठीवर वाघ आहे, त्यात तर चांदीचा कणही नाही. तो निकेलचा आहे आणि लोहचुंबकाला चिकटतो.

सासूबाईंच्या दोन गाठींचा अर्थ मला तेव्हा कळला. त्यांना सही येत नव्हती, अंगठा उठवत. पण जुना रुपया दगडावर टाकला की खणखणतो आणि लढाईतला बद्द वाजतो, हे त्यांना ठाऊक होते. नाणे वाजवून घ्यावे असे आपण नुसते बोलतो. त्यांनी ते केले होते, मोजले होते आणि गाठ मारून ठेवले होते. ती गाठ सातवी शिकलेल्या सुनेने सोडली.

आता हिशेब पाहा. जुन्या एका रुपयात चोख चांदी 10.69 ग्रॅम. लढाईतल्या रुपयात 5.83 ग्रॅम. फरक 4.86 ग्रॅमचा. माझे जुने रुपये चोवीस होते. चोवीस वेळा 4.86 म्हणजे 116 ग्रॅमच्या वर चोख चांदी मी न मोजता देऊन आले. दुकानदार खोटे बोलला असे मी म्हणू शकत नाही. त्याने उचललेल्या एका रुपयापुरते ते खरेच होते. उरलेले तीस पाहा, असे म्हणणे माझे काम होते. साल तर प्रत्येकावर आकड्यांत छापलेले होते!

ही झाली भाराची गोष्ट. आता छापाची सांगते, कारण एकदा पोळल्यावर मी ताकही फुंकून प्यायला हवे होते, ते न करता उलट दुधाच्या पातेल्यातच हात घातला.

गुरुजींच्या बोलण्यातून माझ्या डोक्यात एवढेच राहिले की, नाण्याला भारापेक्षा जास्त किंमत येऊ शकते. 2022 साली दुपारच्या वेळी दारावर एक माणूस आला. त्याच्याकडे एक पांढरेशुभ्र, जाडजूड नाणे होते. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण आणि मारुती. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि 1818 हे साल. म्हणाला, "ताई, दोनशे वर्षांची चांदी आहे. हे तांदळाचे दाणे ओढते. परदेशात लाखाने मागतात. तुमच्या देव्हाऱ्यात राहील म्हणून देतो." पाच हजार सांगितले आणि साडेतीन हजारांवर आला. भाजीच्या, दुधाच्या पैशांतून वाचवलेली माझी पुंजी होती. मी यजमानांना न विचारता दिली. या वेळी साल वाचले, पण वजन केले नाही, कस लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सराफाकडे नेले. त्याने कानशीने काठाला एक रेघ ओढली आणि आतून पिवळे दिसले. पितळेवर मुलामा! गुरुजींना दाखवले तर ते म्हणाले, "कंपनीने राम-मारुतीचे असले आणे कधी पाडलेच नाहीत. कंपनीचे नाव घातलेले हे तुकडे अलीकडचे आहेत. 1616, 1717, 1818, वाटेल ते साल घालून विकतात. आणि तांदूळ ओढायचे म्हणाल, तर त्याने फक्त तुमचे पैसे ओढले."

तेव्हा भगिनींनो, पहिल्या वेळी मी छाप न वाचता भार विकला, आणि दुसऱ्या वेळी भार न पाहता छाप विकत घेतला. दोन्ही वेळा तोटा माझा. माझे सांगणे एवढेच आहे की, चांदीला दोन किमती असतात आणि त्यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. भाराची किंमत कोणत्याही गावात, कोणत्याही सराफाकडे, त्या दिवसाच्या भावाने मिळते. छापाची किंमत फक्त तो छाप हवा असलेला माणूस भेटला तरच मिळते. असा माणूस आपल्या ओळखीचा नसेल, तर छापासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

छापाची किंमत कशावर ठरते, तेही गुरुजींनी सांगितले. नाणे जुने आहे म्हणून ते दुर्मीळ असते, असे नाही. 1918 या एकाच सालात पाचव्या जॉर्जचे चाळीस कोटींहून जास्त रुपये पाडले गेले. घरोघरच्या गाठोड्यांत ते आहेत. त्यांना चांदीच्या भावावर फारसे काही मिळत नाही, आणि कोणी "शंभर वर्षांचे" म्हणून चौपट सांगू लागला तर हसून नमस्कार करावा. याउलट 1939 चा रुपया वयाने त्याहून लहान, पण फारच थोडे उरले आहेत, म्हणून संग्राहक त्यासाठी चांदीच्या कितीतरी पट देतात. आणि म्हणूनच 1938 च्या रुपयावरचा 8 खरडून त्याचा 9 केलेले रुपयेही बाजारात येतात. तसाच 1911 चा रुपया. त्यावर राजाच्या गळ्यातल्या हारात हत्ती आहे, पण त्याची सोंड इतकी आखूड झाली की लोकांना तो डुकरासारखा दिसला. बोभाटा झाला, सरकारला नाणी मागे घ्यावी लागली आणि 1912 पासून हत्ती नीट काढला. त्या एका सालाला आजही वेगळे गिऱ्हाईक आहे. म्हणून घरातले जुने रुपये मोडीत घालण्यापूर्वी साल वाचावे, एवढे मी पुन्हा पुन्हा सांगते. वाचायला पैसे पडत नाहीत.

आता आपल्या बायकांच्या एका सवयीबद्दल बोलते. रागावू नका. पूजेचा रुपया मी दरवर्षी चिंच लावून, रांगोळीने घासून लखलखीत करत असे. गुरुजींनी तो हातात धरून दाखवला, "वहिनी, ही राजाची दाढी पाहा. केस होते, ते तुम्ही घासून काढलेत. हा कान पाहा, सपाट झाला." संग्राहक पहिल्यांदा पाहतो ते हेच. केसांच्या रेघा, मुकुटावरची नक्षी, काठाचे दाते. ते गेले की छापाची किंमत गेली, आणि उरला तो भार. तोही घासून थोडा कमीच झालेला! चांदीवरचा काळपटपणा म्हणजे मळ नव्हे, ती हवेने चढलेली पुटी आहे. जुने नाणे साध्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपावे, एवढेच. रबर लावून किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नये. पूजेची निरांजने, वाट्या, पळी-पंचपात्र खुशाल घासा, ती वापरायचीच आहेत. पण जुन्या रुपयाला हात लावण्यापूर्वी थांबा.

नाण्याला कडी लावून माळ केली असेल, तर संग्राहक तिला हात लावत नाही. कारण डाख बसलेला असतो. ती माळ आपल्या आजीची म्हणून मोलाची, आणि विकायची झाली तर भाराची. सराफ डाखाची घट धरतो, तीही रास्त असते. जुनी अत्तरदाणी, गुलाबदाणी, नक्षीची कोयरी यांची गोष्ट मात्र निराळी. मोडीत घातली की नक्षीचा पैसाही येत नाही, आणि आत लाख भरलेली असली तर वजनही फसवते. अशी वस्तू अडचण नसेल तर मोडू नये. आज ते काम करणारे हात कमी झाले आहेत.

ज्यांची मुले परदेशात आहेत, त्यांच्यासाठी एक सूचना. शंभर वर्षे पुरी झालेले नाणे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा सुनेला भेट म्हणून राणीछाप रुपया सामानात घालू नका, विमानतळावर पंचाईत होईल.

आता आपल्या खरेदीकडे येते. 2025 साल सुरू झाले तेव्हा चांदी किलोला लाखाच्या आत होती आणि साल संपताना दोन लाखांच्या वर गेली होती. भाव असा धावू लागला की बायका घाबरून घेतात किंवा घाबरून विकतात. म्हणून आजचा भाव बाजूला ठेवू आणि हिशेबाला सोपे जावे म्हणून ग्रॅमला शंभर रुपये धरू.

दहा ग्रॅमचे लक्ष्मीचे नाणे घ्या. चांदी हजार रुपयांची. घडणावळ आणि मखमली डबी धरून दुकानात समजा साडेबाराशे पडले, त्यावर तीन टक्के कर, म्हणजे 1287 रुपये. दुसऱ्याच दिवशी विकायला गेलात, तर मिळतील हजाराच्या आतबाहेर. कर परत मिळत नाही, डबी कोणी घेत नाही. याला आपण नाणे म्हणतो, पण ते नाणे नव्हे. सरकारने पाडलेले नाही, त्यावर किंमत नाही, संग्राहक ते घेत नाही. ती चांदीची चकती आहे. चकती वाईट नाही, पण चकतीच्या भावाने घ्यावी.

सरकारी टांकसाळीही स्मारक नाणी काढतात. 1969 साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला दहा रुपयांचे नाणे निघाले. वजन 15 ग्रॅम, चांदी शेकडा ऐंशी, म्हणजे 12 ग्रॅम चोख. 2010 च्या सुमारास निघालेली शंभर रुपयांची स्मारक नाणी 35 ग्रॅमची आहेत, पण त्यांत चांदी निम्मीच, साडेसतरा ग्रॅम. आपल्या धरलेल्या भावाने तिची किंमत 1750 होते. त्यापुढे जे पैसे मागतील, ते छापाचे. ज्याला नाद आहे त्याने ते आनंदाने द्यावेत, नादाला मोल नसते. पण मुलीच्या लग्नाची ठेव म्हणून देऊ नयेत.

आणि वाटी? वाटी वापरायची असेल तर वाटीसारखी वस्तू नाही. फक्त घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. जर्मन सिल्व्हर म्हणजे चांदी नव्हे, ते तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण आहे. आणि चांदीची म्हणून घ्याल, तर भारतीय मानक ब्युरोचा हॉलमार्क पाहावा. 925 लिहिले असेल तर हजारात 925 भाग चांदी, 800 असेल तर 800 भाग. 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या हॉलमार्कवर सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक देण्याची पद्धतही सुरू झाली. तो मोबाईलवर घालून वस्तू पडताळता येते. पावतीवर वजन, शुद्धता आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. "तोळा" म्हणाल तर कोणता, हेही विचारावे. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, पेढीवर हल्ली बहुतेक ठिकाणी दहा ग्रॅमचा धरतात.

यावरून माझे मत असे की, मंडळातर्फे प्रत्येकीने दहा ग्रॅमची, हॉलमार्क असलेली, कमीत कमी घडणावळीची साधी चकती घ्यावी. मंडळाचे नाव हवे असेल तर ते कागदाच्या पाकिटावर छापू, चांदीवर कोरायला नको. आठवण आपल्या मनात राहील, चांदी अडचणीला उपयोगी पडेल. ज्यांच्या घरी जुने रुपये आहेत, त्यांनी ते पुढच्या महिन्याच्या बैठकीला घेऊन यावेत. मी भिंग आणि लोहचुंबक आणीन. गुरुजींनी यायचे कबूल केले आहे. प्रत्येक रुपयाचे साल वाचू, वहीत लिहू आणि दोन गाठी मारू. ही नाणी म्हणजे आपल्या आज्यांनी आपल्यासाठी राखलेली पुंजी आहे. त्यांना वाचता येत नव्हते, तरी त्यांनी ती वेगळी ठेवली. आपल्याला तर वाचता येते.

शेवटी एक सांगते आणि बसते. माझी मुलगी आता नर्स आहे. पहिल्या पगारातून तिने एका सराफाकडून दोन जुने रुपये आणले, 1904 चा एक आणि 1916 चा एक. दोन्ही तिने वाजवून घेतले, काट्यावर घातले आणि चांदीच्या भावानेच घेतले, छापाचा वेगळा पैसा दिला नाही. सासूबाईंच्या फडक्यात आता 1907 च्या रुपयाशेजारी ते आहेत. गाठ तिनेच मारली. मी फक्त वर चिठ्ठी लावली: "जुने रुपये. तीन. एकत्र करू नये."